सूप गार आलं, बिलात एक डिश जास्त लागली: हॉटेलातल्या छोट्या चुका दोन्ही बाजूंनी कशा निस्तरायच्या

मी काही वर्षं रेस्टॉरंटमध्ये काम केलंय. सुरुवातीला नुसत्या प्लेटा उचलायच्या, मग ऑर्डर घ्यायला लागलो, शेवटी कॅप्टन म्हणून पूर्ण फ्लोर म्हणजे लोक जेवतात तो सगळा हॉल सांभाळला, आणि आता इतरांसारखाच टेबलावर बसून जेवतो. दोन्ही बाजू बघून एक गोष्ट पक्की कळली ती म्हणजे चुका होणारच, रोज होतात, चांगल्यात चांगल्या ठिकाणी होतात, पण चूक झाल्यापासून ती कुणीतरी तोंडाने बोलून दाखवेपर्यंत जी मिनिटं जातात ना, सगळा बिघाड त्या मिनिटांत होतो. गार सूप बदलायला फार वेळ लागत नाही, पण तेच सूप तुम्ही तोंड पाडून अर्धं संपवलंत आणि बिल आल्यावर बोललात तर मॅनेजरच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीच उरत नाही, मग नुसती वादावादी. म्हणून हा सगळा लेख ती मिनिटं कमी कशी करायची यावर आहे, आधी जेवणाऱ्यांसाठी, मग स्टाफसाठी, आणि मध्ये अॅलर्जीवर जरा जास्त लिहिलंय कारण तिथे "छोटी चूक" हा शब्दच चालत नाही.

आधी हे बघा की चूक होते कुठे

बहुतेकांना वाटतं चूक वेटरने केली. होतं असं की तुमचं वाक्य टेबलापासून चुलीपर्यंत जाताना चार-पाच हातांतून जातं. तुम्ही बोलता, वेटर ऐकतो, तो केओटी काढतो म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी (आता बऱ्याच ठिकाणी स्क्रीन असते), ती चिठ्ठी कुणीतरी मोठ्याने वाचतं, वेगवेगळे कुक आपापली डिश बनवतात, सगळ्या डिश पासवर येतात म्हणजे किचन आणि फ्लोरच्या मधल्या काउंटरवर, आणि तिथून रनर म्हणजे प्लेटा टेबलावर पोचवणारा उचलतो, जो तुमच्या टेबलावर याआधी कधी आलेलाच नसतो. "कांदा नको" हे दोन शब्द यातल्या कुठल्याही जागी गळू शकतात. खास करून मशीनमध्ये डिशचं बटण असतं पण "कांदा नको" हे हाताने टाइप करावं लागतं, आणि गर्दीच्या वेळी ते टाइप करणं राहून जातं, तोंडी सांगू म्हणून, आणि मग तोंडी सांगणंही राहतं.

हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्यासमोर जो उभा आहे त्याने चूक केलेली असेलच असं नाही, पण ती सुधारून आणण्याचं काम तोच करणार असतो. त्याला आपल्या बाजूला ठेवा.

जेवायला बसलात तर: पहिल्या दोन घासांत ठरवा

प्लेट आली की लगेच नजर टाका, आपण मागवलंय तेच आलंय का, आणि पहिल्या एक-दोन घासांत चव बघा. काहीतरी चुकलंय असं वाटलं तर तिथेच थांबा, चमचा खाली ठेवा. "बघू, पुढे बरं लागेल" असं म्हणत अर्धी प्लेट संपवून मग बोलवू नका, कारण अर्धी संपलेली डिश बदलून मागितली की किचनमध्ये पहिला प्रश्न हाच येतो की मग खाल्लं कसं, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न अगदीच चुकीचा नसतो.

मग हात वर करा, नजर मिळवा, आणि जो तुमची ऑर्डर घेऊन गेला त्यालाच सांगा. दुसऱ्या कुणालाही सांगितलं तर निरोप एका हाताने वाढतो, आणि निरोप वाढला की परत चूक व्हायची शक्यताही वाढते. तो दिसत नसेल, पाचेक मिनिटं झाली तरी येत नसेल, तर मग मात्र कुणालाही थांबवा आणि म्हणा, "आमचं टेबल बघणाऱ्यांना जरा पाठवता का, ऑर्डरमध्ये गडबड झालीय."

आता सांगायचं काय, तर दोन गोष्टी, एक नेमकं काय चुकलंय आणि दुसरं तुम्हाला काय हवंय. "हे कसलं आणलंय" यातून किचनला काहीच कळत नाही. "सूप कोमट आहे, गरम करून द्याल का" यातून सगळं कळतं. "पास्ता खारट झालाय, दुसरा बनवून मिळेल का, आणि मीठ जरा बेतानेच टाका म्हणावं" हेही छान. बरेच लोक पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात, मग वेटर अंदाज बांधतो, त्याला वाटतं गरम करून चालेल, तुम्हाला हवी असते नवी प्लेट, आणि एका चुकीच्या दोन होतात. काय हवंय ते तुम्हालाच नक्की ठरत नसेल तर सरळ विचारा, "यात काय करता येईल?" मी फ्लोरवर असताना हा प्रश्न विचारणाऱ्याला आपोआप जास्त मिळायचं, कारण मग मला माझ्या डोक्याने उत्तर शोधायची मोकळीक असायची.

आवाज नेहमीचाच ठेवा. घाबरून "सॉरी हां, तुम्हाला त्रास देतोय" अशी माफी मागायची काहीच गरज नाही, तुमचा हक्कच आहे तो, आणि चिडायचीही गरज नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, आवडलं नाही आणि चुकलं यात फरक आहे. मेनूवर तिखट लिहिलेलं तुम्ही मागवलं आणि ते तिखट आलं, ही त्यांची चूक नाही. तरी सांगायला हरकत नाही, पण सांगताना खरं सांगा, "चूक तुमची नाही, मलाच झेपत नाहीये, याच्यासोबत काही घेता येईल का." बऱ्याच ठिकाणी काही ना काही मार्ग काढून देतात.

डिश परत गेली आणि बाकीच्यांच्या प्लेटा समोर असतील तर त्यांना सुरू करायला सांगा. सगळे थांबले की सगळ्यांचंच गार होतं आणि आता एकाऐवजी चार तक्रारी तयार होतात.

स्टाफसाठी: चमचा बघायला शिका

फ्लोरवर एक जुना नियम शिकवतात, दोन मिनिटं किंवा दोन घास, म्हणजे प्लेट ठेवल्यावर तेवढ्यात एकदा टेबलाजवळून जायचंच. पण नुसतं जाऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारून उपयोग नाही, त्याला कुणीही "हो" म्हणतं. त्यापेक्षा नेमकं विचारा, "सूप गरम आहे ना?", "तिखट बेताचं झालंय ना?"

मला एक संध्याकाळ चांगली लक्षात आहे. दोघंजण बसलेले, एक साठीच्या पुढच्या बाई आणि त्यांची मुलगी. बाईंनी सूप क्रीम न घालता मागितलेलं. मी दुसऱ्या टेबलावर पाणी ओतत होतो आणि तिथून मला दिसलं की बाई चमचा सुपात गोल फिरवतायत पण उचलत नाहीयेत. एकदा उचलला, वास घेतला, परत ठेवला. मुलगी आपलं आपलं खात होती. मी जग ठेवला आणि गेलो, म्हटलं, "मॅडम, सुपात काही गडबड झालीय का?" त्या म्हणाल्या, "नाही नाही, असू दे." मी बघितलं तर वर पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. म्हटलं, "यात क्रीम पडलंय, तुम्ही नको म्हणाला होतात, मी लगेच बदलून आणतो, सहा-सात मिनिटं लागतील." त्यांनी एकदम श्वास सोडला. मला म्हणाल्या, क्रीम पोटाला सोसत नाही, पण एवढ्याशासाठी कशाला बोलायचं असं वाटलं. चांगली माणसं अशीच असतात, बोलत नाहीत, न खाता गपचूप बिल भरतात आणि परत येत नाहीत. म्हणून स्टाफने तोंडाकडे नाही, हाताकडे आणि प्लेटेकडे बघायचं.

चूक कळली की पुढचं असं करा. आधी पूर्ण ऐका, मध्ये "पण सर" नको. मग जे ऐकलं ते एका वाक्यात परत म्हणा, "म्हणजे क्रीम नको होतं आणि आलंय, बरोबर?" यात पाच सेकंद जातात आणि दुसरी चूक वाचते. मग साधं सॉरी. "किचनने चूक केली" असं म्हणू नका, "नवीन मुलगा आहे" असंही नको, समोरच्याला तुमच्या घरातली भांडणं ऐकायची नसतात, त्याच्यासाठी तुम्ही सगळे एकच.

मग प्लेट उचला. हे महत्त्वाचं आहे बरं का, चुकलेली प्लेट समोर ठेवून निघून गेलात तर त्या माणसाला कळत नाही की खायचं का थांबायचं, आणि तो तिच्याकडे बघत बसतो, राग तिथेच वाढतो. प्लेट उचलतानाच वेळ सांगा, आणि खरा वेळ सांगा. किचनमध्ये दहा मिनिटं लागणार असतील तर "दोन मिनिटांत आणतो" म्हणू नका. दहा सांगून आठात आणलं तर माणूस खूश होतो, दोन सांगून आठात आणलं तर तीच आठ मिनिटं त्याला जड जातात. वाट बघताना समोर काहीतरी असू द्या, पाणी, ब्रेड, काहीही.

किचनमध्ये जाऊन नवीन केओटी काढा आणि तोंडानेही सांगा, दोन्ही. नुसतं तोंडी सांगितलं तर गर्दीत विसरलं जातं, नुसती चिठ्ठी टाकली तर ती रांगेत शेवटी लागते. शेफला सांगताना, "बारा नंबरचं सूप परत, विना क्रीम, घाईचं आहे," एवढंच, कुणी चूक केली त्याची चौकशी सर्व्हिस संपल्यावर. आणि दुसऱ्यांदा ती प्लेट रनरवर सोडू नका, स्वतः पासवर बघा, स्वतः न्या, ठेवा आणि पहिला चमचा जाईपर्यंत जवळपास थांबा. एकदा चूक होणं लोक पटकन विसरतात, तीच चूक दुसऱ्यांदा झाली की नाही विसरत.

फुकट द्यायचं का, आणि किती

यावर फ्लोरवर कायम वाद असतो म्हणून जरा सविस्तर. १९९० साली मेरी जो बिटनर, बर्नार्ड बूम्स आणि मेरी टेट्रॉ या संशोधकांनी विमान कंपन्या, हॉटेलं आणि रेस्टॉरंटच्या ग्राहकांकडून साधारण ७०० प्रसंग गोळा केले, काही फार चांगले लक्षात राहिलेले, काही वाईट. वाईट प्रसंगांमधले साधारण ४३ टक्के असे होते की सेवेत गडबड झाली आणि त्यानंतर कर्मचाऱ्याने नीट सांभाळलं नाही. पण चांगल्या प्रसंगांमधलेही साधारण २३ टक्के असेच होते की गडबड झाली, आणि ती कुणीतरी नीट निस्तरली. म्हणजे माणसाला सुखाची आठवण म्हणून जे लक्षात राहिलं त्यात जवळजवळ पाव हिस्सा चुकांपासून सुरू झालेला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं कारण आम्ही रोज तेच बघत होतो.

पुढे १९९२ मध्ये मॅककलो आणि भारद्वाज या संशोधकांनी असं मांडलं की चूक चांगली निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही जास्त खूश होऊ शकतो. हे वाक्य काही मॅनेजरांनी फारच मनावर घेतलं, की काहीतरी फुकट दिलं की झालं. पण नंतर २००७ मध्ये तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं तेव्हा दिसलं की त्या वेळचं समाधान वाढतं हे खरं, पण तो माणूस परत येईलच असं त्यातून निघत नाही. आणि हे जे जास्त खूश होणं आहे ते मुख्यतः चूक किरकोळ असेल आणि त्या माणसासोबत आधी चूक झालेली नसेल तेव्हाच घडतं. दुसऱ्या वेळी फुकट गोड देऊन काम होत नाही.

माझा हिशोब असा आहे. सूप कोमट होतं, चार मिनिटांत गरम आणून दिलं, तर काही फुकट द्यायची गरज नाही, मनापासून सॉरी पुरतं, उलट उगाच फुकट दिलं तर समोरच्याला वाटतं आपण तक्रारखोर ठरलो. डिश पूर्ण परत बनवावी लागली आणि बाकीचे जेवून बसले, तर ती डिश बिलातून काढा. पूर्ण टेबल खोळंबलं तर डिश काढा आणि वर एक गोड किंवा कॉफी द्या. पण काय देताय ते माणसाकडे बघून द्या, ज्याची गाडी सुटतेय त्याला फुकट डेझर्ट म्हणजे अजून पंधरा मिनिटांची शिक्षा, त्याला बिल लवकर आणून द्या. आणि मालकांना कळकळीचं सांगणं, एवढे छोटे निर्णय वेटरला घेऊ द्या. प्रत्येक कॉफीसाठी त्याला मॅनेजर शोधावा लागत असेल तर ती शोधायची मिनिटंही ग्राहकाच्याच खात्यात जातात.

अंगावर सांडलं तर

आधी माणूस, मग कपडे, मग टेबल. गरम असेल आणि कातडीवर पडलं असेल तर थेट नळाखाली, साधं थंड वाहतं पाणी २० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, लोणी नाही. २० मिनिटं फार वाटतात पण तेवढी लागतातच. अंगठी, घड्याळ लगेच काढायला सांगा, सूज आली की निघत नाही. फोड मोठे असतील, चेहऱ्यावर असेल, लहान मूल असेल, तर थेट डॉक्टर.

नुसते कपडे असतील तर स्वच्छ नॅपकिन द्या आणि टिपायला सांगा, घासायला नाही, घासलं की डाग धाग्यात बसतो. स्टाफने स्वतः कुणाच्या अंगावर हात लावून पुसू नये, नॅपकिन हातात द्यायचा. धुलाईचा खर्च देऊ हे ग्राहकाने मागायच्या आधी म्हणा.

अॅलर्जी: इथे प्लेट दुरुस्त करत नाहीत

शेंगदाणे नको सांगितलं होतं आणि वर शेंगदाणे आले, वेटरने प्लेट आत नेली, चमच्याने शेंगदाणे काढले आणि तीच प्लेट परत आणली. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि आजही अंगावर काटा येतो. अॅलर्जी असलेल्याला वरून दाणे काढून काही फरक पडत नाही, प्रथिन सगळ्या अन्नाला लागलेलं असतं. प्लेट पूर्ण टाकायची, नवीन भांडं, नवीन चमचा, धुतलेले हात, आणि पहिल्यापासून बनवायचं. गरम केल्याने किंवा तळल्यानेही धोका जाईल असं धरू नका, आणि ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच बटाटे तळले तर ते बटाटेही चालत नाहीत.

जेवणाऱ्यांनी "आवडत नाही" आणि "अॅलर्जी आहे" हे शब्द कधीच अदलाबदल करून वापरू नका. नावड असताना अॅलर्जी सांगितली तर किचन सगळं थांबवून भांडी धुतं, आणि असं वारंवार झालं की खऱ्या अॅलर्जीवाल्याकडेही कुणी लक्ष देत नाही. खरी असेल तर बसल्या बसल्या, मेनू उघडायच्या आधी सांगा, आणि नेमकं सांगा, "मला तिळाची अॅलर्जी आहे, थोडं जरी गेलं तरी घसा सुजतो, शेफना विचारून सांगाल का यात आहे का." युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंटना १४ अॅलर्जनची म्हणजे अॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांची माहिती देणं बंधनकारक आहे, अमेरिकेत कायद्याच्या यादीत २०२३ पासून तीळ नववा झाला. पण यादी कुठलीही असो, विचारणं तुमच्या हातात आहे.

वेटरला माहीत नसेल तर त्याचं एकच उत्तर बरोबर, "मला माहीत नाही, विचारून येतो." "नसावं बहुतेक" हे उत्तर मिळालं तर ती डिश मागवू नका.

आणि चुकून पोटात गेलंच, तर ओठ सुजणं, अंगावर गांधी, आवाज बसणं, श्वास लागणं, चक्कर, यातलं काही दिसलं तर बिल, मॅनेजर सगळं बाजूला, लगेच अँब्युलन्स बोलवा. त्या माणसाकडे स्वतःचं एपिनेफ्रिनचं (तीव्र अॅलर्जीवर तातडीने घ्यायचं औषध) इंजेक्शन असेल तर ते लगेच घेऊ द्या, वाट बघत बसू नका. माणसाला झोपवा, पाय वर, श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उठवून चालवत बाहेर नेऊ नका.

कच्चं राहिलेलं चिकन किंवा मांस हेही याच वर्गात घ्या. ते "थोडं गरम करून" नाही, नीट शिजवून किंवा नवीनच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजताना आतपर्यंत ७० अंश सेल्सियस जायला हवं आणि गरम ठेवायचं अन्न ६० च्या वर राहायला हवं. किचनमध्ये प्रोब थर्मामीटर असतो, रंगावरून भांडू नका, तो टोचून बघा.

बिल

हे पटकन. कार्ड द्यायच्या आधी वाचा, डिश मोजा, परत गेलेली डिश निघालीय का बघा. चूक दिसली तर त्या ओळीवर बोट ठेवून म्हणा, "हे आमच्याकडे आलं नाही." स्टाफने वाद न घालता केओटी काढून जुळवायची. एखादी गोष्ट लावायची राहिली असेल तर तेही सांगा, काही ठिकाणी अशी तूट स्टाफकडून वसूल करतात.

रात्री दहा मिनिटं

मॅनेजर असाल तर एक वही ठेवा, प्रत्येक परत आलेल्या प्लेटची एक ओळ, टेबल नंबर, डिश, काय चुकलं, किती वाजता. नाव नको, नाव आलं की लोक लिहिणं बंद करतात. आमच्याकडे अशा वहीत दोन आठवड्यांत सात वेळा एकच गोष्ट आली, सहा नंबर टेबलाचं जेवण नऊ नंबरवर आणि नऊचं सहावर. आधी सगळे रनरला बोलत होते. मग एका रात्री टेबलं आवरताना दिसलं की नंबरांची स्टँडं गोल होती, पुसताना उचलली की कशीही ठेवली जायची, आणि इंग्रजी आकड्यातला सहा उलटा पडला की नऊ. दुसऱ्या दिवशी मार्करने दोन्ही आकड्यांच्या खाली जाड रेघ मारली. त्यानंतर ती ओळ वहीत परत आली नाही.